नमुना आणि उतारा

संगणकाला हुकूम लिहून देण्याच्या विद्येला प्रोग्रॅमिंग म्हणतात, हे आता खेड्यापाड्यांतील मुलांनाही ठाऊक झाले आहे. त्या विद्येतले दोन शब्द आज आपल्यापुढे ठेवायचे आहेत. एक ऑब्जेक्ट आणि दुसरा क्लास. शब्द दिसायला सोपे. पण पहिल्या महिन्यात मुले अडखळतात ती नेमकी इथेच. मी मूळचा गणिताचा एम. ए. नोकरीत शिरल्यावर हा विषय माझ्या गळ्यात पडला, आणि खरे सांगायचे तर वर्षभर मीही अडखळलो.

त्याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे. क्लासला आपण 'वर्ग' म्हणतो. वर्ग म्हटला की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे काय येते? पाचवीची चाळीस मुले. म्हणजे समुदाय. प्रोग्रॅममधला क्लास हा समुदाय नव्हे. त्यात एकही मूल बसलेले नसते. म्हणून मी 'नमुना' हा शब्द वापरतो, आणि तो मला शेतकऱ्याच्या घरातच सापडला.

सातबारा कोणाला ठाऊक नाही? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो झाला. नमुना सातवर काय लिहायचे ते ठरलेले आहे : गट नंबर, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, इतर हक्क. कोरा नमुना ही कोणाची जमीन नव्हे. त्यावर कर्ज मिळत नाही की नांगर धरता येत नाही. तो भरला, तुमचा गट नंबर आणि नाव त्यात आले, की तो तुमचा उतारा झाला. कोरा नमुना म्हणजे क्लास. भरलेला उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. नमुना एकच, उतारे मात्र पुष्कळ. आणि तुमच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा चढला म्हणून तो शेजाऱ्याच्या उताऱ्यावर चढत नाही, हे विशेष ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता फरक कुठे? उतारा हा कागद. तो स्वतः काही करीत नाही. प्रोग्रॅममधला ऑब्जेक्ट माहिती बाळगतो आणि तिच्यावरची कामेही स्वतःच करतो. सातबाऱ्यावरचे नाव कोणी खोडून दुसरे लिहितो का? नाही. आधी फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, मग नाव बदलते. ऑब्जेक्टचेही तसेच असावे. त्याच्या पोटातल्या आकड्याला बाहेरच्याने हात लावू नये; त्याला निरोप द्यावा, 'एवढी रक्कम वजा कर'. शिल्लक पुरेशी आहे का हे पाहून तोच आपला आकडा बदलेल किंवा नकार देईल. जावा भाषेत याची सक्ती करता येते. पायथन भाषेत ते बरेचसे लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर सोडले आहे.

ही कल्पना निघाली नॉर्वे देशात. क्रिस्टेन न्यूगार आणि ओले-योहान डाल हे दोघे ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात काम करीत. रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामे यांची नक्कल संगणकावर कशी उतरवावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून जी भाषा झाली तिचे नाव सिम्युला. क्लास आणि ऑब्जेक्ट तिच्या १९६७ च्या आवृत्तीत स्पष्टपणे आले. पुढे अमेरिकेत ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषेत 'ऑब्जेक्टांनी एकमेकांना निरोप द्यावेत' हा विचार पुढे नेला. नॉर्वेच्या दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००२ साली दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने वारले.

आता माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. त्याच्या गावच्या दूध संस्थेत हिशेब वहीवर चाले, दर दहा दिवसांनी बिल. मुलाने हौसेने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. 'खातेदार' नावाचा क्लास. आत नाव, खाते क्रमांक, दुधाच्या नोंदींची यादी, आणि 'दूध जमा कर', 'बिल काढ' ही कामे. (पायथनमध्ये ही नावे देवनागरीत लिहिता येतात, भाषेचे स्वतःचे ठरीव शब्द मात्र इंग्रजीच राहतात.) सचिवांनी दहा दिवसांच्या खऱ्या नोंदी घालून पाहिल्या. बिले छापून आली, ती प्रत्येकाची सारखीच! सगळ्या गावाचे दूध प्रत्येकाच्या नावावर. मुलाचे वडील बिल पाहून म्हणाले, "अरे, आपली म्हैस महिनाभर भाकड आहे. हे दूध कुणाचं?"

घरी हसू झाले, पण संस्थेत नाही. भाकड म्हशीच्या नावावर बिल निघाले म्हटल्यावर कोणीतरी बोललेच, की पोराने बापाचे खाते फुगवले. पोरगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. "सर, मी काही केलं नाही." मी म्हटले, "तू केलं आहेस, पण लबाडी नव्हे. तुझी यादी कुठे लिहिली आहेस ते दाखव."

यादी त्याने क्लासच्या अंगावरच लिहिली होती. अशी लिहिली की ती एकदाच तयार होते, आणि त्या क्लासचे सगळे ऑब्जेक्ट त्याच एका यादीकडे बोट दाखवतात. जणू चावडीत एकच वही टांगली आहे आणि जो तो तीच आपली म्हणून दाखवतो. खाते जन्माला येताना जे पहिले काम आपोआप चालते, त्याच्या आत ती ओळ नेली. मग ज्याची त्याची यादी वेगळी झाली. एका ओळीची जागा बदलली, एवढेच. दुधाचे दरपत्रक मात्र आम्ही क्लासवरच ठेवले. ते सगळ्यांना एकच असते, तिथे ते शोभते.

त्याची दुसरी चूक जास्त शिकवून गेली. एका नमुन्यावरून पोटनमुना काढता येतो, हे त्याने पुस्तकात वाचले होते. म्हणून त्याने 'गायवाला खातेदार' आणि 'म्हैसवाला खातेदार' असे दोन पोटनमुने केले. मी विचारले, "ज्याच्या दावणीला दोन्ही आहेत तो कुठे बसवायचा?" गाय की म्हैस हा गुण माणसाचा नव्हे, त्या वेळी घातलेल्या दुधाचा. तो नोंदीत गेला पाहिजे. पुस्तकांतून पहिल्याच धड्यात प्राणी आणि त्याचे पोटप्रकार यांची जी उदाहरणे देतात, ती मला म्हणूनच फारशी आवडत नाहीत. मुलाला वाटते पोटनमुने पाडणे हीच विद्या. शिक्षकांनी हा भाग निदान महिनाभर मागे ठेवावा.

दुरुस्त प्रोग्रॅम सचिवांनी लगेच स्वीकारला नाही. तीन बिले वहीवरही काढली आणि संगणकावरही. पहिल्या दोन्ही खेपांना काही खात्यांत पैशांचा फरक आला. तो बेरजेच्या आधी पूर्णांक केल्यामुळे होता. तिसऱ्या खेपेला दोन्ही जुळली, भाकड म्हशीच्या खात्यावर शून्य आले, आणि सचिवांनी त्या कागदावर सही केली.