चुकलेल्या धोरणाला धनी कोण?

देश आर्थिक संकटात सापडला की सरकारांचे एक उत्तर ठरलेले असते: परिस्थितीच तशी होती. आज मला या उत्तराची उलटतपासणी घ्यायची आहे, आणि त्यासाठी मी शेजारच्या श्रीलंकेकडे जातो.

श्रीलंकेवरचे कर्ज एका सरकारने केलेले नव्हते, हे आधीच मान्य करू. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटन बसले. पुढे कोविड आला. हेही खरे. पण मधले काही महिने पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे अध्यक्ष झाले आणि १ डिसेंबरपासून मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला. नोंदणीसाठी लागणारी वार्षिक उलाढालीची मर्यादा १ कोटी २० लाख रुपयांवरून ३० कोटींवर गेली. कर्जाचे हप्ते समोर दिसत असताना सरकारने स्वतःच्या हाताने तिजोरीत येणारा पैसा तोडला. तेव्हा देशात कोविडचा एकही रुग्ण नव्हता.

२०२० मध्ये पतमानांकन घसरले आणि परदेशात नवे कर्ज मिळणे बंद झाले. तरी कर पुन्हा वाढवले नाहीत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जाणेही टाळले. रुपया डॉलरला दोनशेच्या आसपास धरून ठेवण्याचा हट्ट मार्च २०२२ पर्यंत चालला. परिणाम काय झाला? आखातात राबणारा कामगार बँकेऐवजी हुंडीवाल्यामार्फत घरी पैसे पाठवू लागला, कारण तिथे भाव जास्त मिळत होता. बँकांकडे येणारे डॉलर आटले. त्यातच मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. ती नोव्हेंबरमध्ये उठली, तोवर भाताचा मुख्य हंगाम सुरू झाला होता.

मला सर्वांत जास्त खुपते ती जानेवारी २०२२ मधली एक रक्कम. परदेशी रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर सरकारने मुदतीत चुकते केले. पैसे देऊ नका, कर्जाची फेररचना मागा, असे तिथले अर्थतज्ज्ञ उघडपणे सांगत होते. गंगाजळी तळाला गेली असताना हे डॉलर औषधांना, गॅसला, डिझेलला हवे होते. तीन महिनेही गेले नाहीत, १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जफेड थांबवल्याचे जाहीर केले. मग ते ५० कोटी कोणासाठी दिले? तोवर इंधनाच्या रांगेत उभी असलेली वृद्ध माणसे कोसळून दगावली होती. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या होत्या. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या घरात पोचली.

जुलैमध्ये लोक अध्यक्षांच्या निवासात शिरले आणि गोटाबाया देश सोडून गेले. पण सत्ता जाणे वेगळे आणि जबाबदारी ठरणे वेगळे. ती ठरवण्यासाठी ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलची श्रीलंका शाखा, उद्योगक्षेत्रातले चंद्रा जयरत्ने, ऑलिंपिक जलतरणपटू ज्युलियन बोलिंग आदी मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला: गोटाबाया, त्यांचे भाऊ महिंदा आणि बासिल राजपक्षे, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही वरिष्ठ अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. धोरण चुकले म्हणून मंत्र्याला न्यायालयात उभे केले, तर उद्या धाडसी निर्णय कोण घेईल? माझे उत्तर असे. अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. पण धोक्याचे इशारे टेबलावर पडलेले असताना दोन वर्षे तेच रेटत राहणे, याला अंदाज म्हणता येत नाही. डॉक्टरचे निदान चुकू शकते, पण रक्ताचा अहवाल हाती आल्यावरही तेच औषध चालू ठेवणाऱ्याला आपण जाब विचारतोच.

निकालाने याचिकाकर्त्यांना प्रत्येकी दीड लाख रुपये खर्च मिळाला. जनतेला भरपाई नाही. मला हे अपुरे वाटते. मध्यवर्ती बँकेने आणि अर्थखात्याने सरकारला दिलेले लेखी इशारे ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात असते, तर हा प्रश्न २०२३ मध्ये न्यायालयात जाण्याऐवजी २०२० मध्येच सभागृहात विचारला गेला असता.