नहपानाच्या चेहऱ्यावरची टेकडी



सॉफ्टवेअरवालीने कॉम्प्युटरवर बोलावं, अशी संयोजकांची इच्छा होती. मी मात्र जुन्या चांदीच्या नाण्यांवर बोलणार आहे. हा छंद मला नोकरीला लागल्यावर जडला.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. एकेक जेमतेम दोन ग्रॅमचं. पुढे राजाचा चेहरा, मागे बाण आणि वज्र. चेहरा छापायची तऱ्हा ग्रीकांची. त्या काळी भडोच बंदरात उतरणाऱ्या रोमन दिनारांवरही सम्राटाचा चेहरा असेच. नहपानाचं नाव मात्र ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत! एकाच दुकानात मराठी, कानडी, तेलुगू ऐकत नव्या पेठेत वाढलेल्या आपल्याला त्याचं नवल वाटायला नको.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. त्याने क्षहरात वंश निःशेष केला, असं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवलंय. नाणी वेगळंच सांगतात. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने नुसता आपला ठसा मारला: एकीकडे कमानींची टेकडी, दुसरीकडे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. वितळवली नाहीत. कितीतरी नाण्यांवर टेकडीच्या आडून नहपानाचं नाक अजून डोकावतं. डेटा न पुसता वर नवी नोंद करावी, तसंच हे.

असं का केलं असेल? नाशिकच्याच दुसऱ्या एका लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे ३००० कार्षापण कायमचे ठेवले: २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. ही झाली विणकरांकडची मुदत ठेव, सोलापूरकरांना लगेच कळणारी! राजा बदलला म्हणून जुनं नाणं खोटं ठरवलं असतं, तर पहिला फटका अशा मागवाल्यांना बसला असता. ठसा मारल्यामुळे घरातली चांदी चालू राहिली, असं मला वाटतं.

आणि सुमारे चार हजार नाण्यांवर तर ठसाही नाही. तीही त्याच साठ्यात होती. ज्याने तो पुरला, त्याला दोन्ही राजांची नाणी सारखीच जपावीशी वाटली.