युरोपातील उन्हाळा आणि आपली पूर्वतयारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून आता एखादा मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी अगर नोकरीसाठी लंडन-पॅरिससारख्या नगरांत राहावयास गेली आहे. साहजिकच मे महिना उजाडला की आईवडिलांच्या पेट्या भरू लागतात. चकल्या, मेतकूट, लोणची यांची यादी आठ-आठ दिवस आधी तयार होते. परंतु तेथील हवेचा विचार मात्र विमानतळाच्या वाटेवर सुचतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. म्हणून तेथील स्थळांचे वर्णन करण्याऐवजी तेथील उन्हाळ्याची तयारी कशी करावी, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. आपल्याकडे हवा ऋतूंनी बांधलेली असते. मृग लागला की छत्री बाहेर काढावयाची, दिवाळी झाली की गोधड्यांना ऊन दाखवावयाचे, हा आपला पिढीजात परिपाठ. वळिवाचा पाऊस सोडला तर वैशाखात रेनकोट बरोबर घेऊन कोणी बाहेर पडत नाही. लंडनला किंवा पॅरिसला हा हिशेब लागू पडत नाही. तेथे ऋतू वर्षाने पालटतात हे खरे, पण हवा दिवसाने आणि कित्येकदा प्रहरानेही पालटते.

याचे कारण भूगोलात आहे. मुंबई १९ अक्षांशावर, तर पॅरिस सुमारे ४९ आणि लंडन साडेएक्कावन्न उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. या पट्ट्यात पश्चिमेकडून वाहणारे वारे अटलांटिक महासागरावरून ढग आणि पाऊस घेऊन येतात. फार उंचावर वेगाने वाहणारा वायूचा एक प्रवाह या साऱ्याला वळण लावतो. तो दक्षिणेकडे सरकला की भर जुलैत गारठा आणि पावसाची झड; तो उत्तरेकडे सरकला की स्पेन आणि आफ्रिकेकडील तप्त हवा थेट वर चढते. लंडनचे जुलैतील नेहमीचे कमाल तापमान २३-२४ अंश असते, असे वाचून आपण निश्चिंत होतो. परंतु सरासरी म्हणजे प्रत्येक दिवसाचे तापमान नव्हे.

उदाहरणे फार दूरची नाहीत. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाचे उद्घाटन सेन नदीवर झाले. खेळाडूंच्या नौका धो धो पावसातून जात असल्याचे आपण घरबसल्या पाहिले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच नगरात पारा ३५ अंशांच्या आसपास गेला. १२ व २५ जुलै २०२१ या दोन दिवशी लंडनमध्ये थोड्या तासांत इतका पाऊस कोसळला की रस्ते आणि काही रेल्वेस्थानके पाण्याखाली गेली. पुढच्याच वर्षी, १९ जुलै २०२२ रोजी, इंग्लंडातील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. ब्रिटनमध्ये ४० अंशांची मर्यादा ओलांडली गेल्याची ही पहिलीच नोंद. पॅरिसने तर २५ जुलै २०१९ रोजी ४२.६ अंशांचा उच्चांक पाहिला आहे.

यावर विदर्भातील अगर खानदेशातील गृहस्थ हसून म्हणतील, ‘‘बेचाळीस अंशांचे आम्हांस काय कौतुक? आमचा वैशाख याहून कडक असतो.’’ नेमका येथेच आपला घात होण्याचा संभव आहे. आपले शरीर फाल्गुनापासून हळूहळू उन्हाला सरावते. तेथे काल अठरा अंशांत स्वेटर घातलेल्या माणसाला आठवड्याच्या आत पस्तीस अंशांना तोंड द्यावे लागते. आपल्या घरांतून पंखे, कूलर, वाळ्याचे पडदे असतात. तेथील जुनी घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. पुष्कळ घरांतून छताला पंखा नसतो, वातानुकूलनही नसते. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर जस्ताच्या पत्र्याची छपरे असून त्यांच्या लगत खाली लहान खोल्या असतात. ऊन त्या पत्र्यावर दिवसभर तापते आणि रात्रीही खोली निवत नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्सने याचा दारुण अनुभव घेतला. त्या उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसे अधिक मृत्युमुखी पडली. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता आणि एकटे राहणारे कितीतरी होते. सुटीचा महिना असल्याने अनेकांचे आप्त परगावी गेले होते. २००४ पासून तेथील शासनाने उष्णतेविरुद्ध राष्ट्रीय योजना आखली. संपन्न देशातही, चौकशी करणारे कोणी जवळ नसेल, तर म्हातारपण किती असहाय होते, हे यावरून दिसते.

आता तयारीविषयी. कपडे जाड आणि थोडे नेण्यापेक्षा पातळ आणि एकावर एक चढविता येतील असे न्यावेत. सुती सदरा, त्यावर हलका स्वेटर, त्यावर टोपीचा रेनकोट, असे तीन पदर पुरेत. जोराच्या वाऱ्यात छत्री उलटते. रेनकोटास ती भीती नाही. भगिनींनी पावसाळी दिवशी साडीचा काठ भिजून दगडी फरसबंदीवर पाय घसरेल, हे लक्षात घेऊन पोशाख निवडावा. चपलांऐवजी घट्ट तळव्याचे बूट आणि मोज्यांचा एक जादा जोड असावा. उन्हाची टोपी, लहानसा पंचा आणि पाण्याची बाटली पिशवीत रोज हवीच. पॅरिसमध्ये पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक झरे जागोजाग आहेत. रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थाने दिलेल्या देणगीतून १८७२ पासून उभारलेले झरे तर त्या नगराचे भूषणच होऊन बसले आहेत. नळाचे पाणीही निर्धास्त प्यावे.

घड्याळाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. पॅरिसला खरे मध्यान्ह दोनच्या सुमारास होते आणि जूनअखेर सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. म्हणून चार-पाच वाजता ‘ऊन उतरले’ असे समजून फिरावयास निघणे धोक्याचे. कडक उन्हाच्या दिवसांत सर्वाधिक ताप त्याच सुमारास असतो. सकाळी लवकर बाहेर पडावे, दुपार एखाद्या संग्रहालयात वा जाड दगडी भिंतींच्या चर्चमध्ये घालवावी आणि आठनंतर फिरावे.

फिरण्याचा कार्यक्रमही लवचीक ठेवावा. १ व २ जुलै २०२५ रोजी उष्णतेमुळे आयफेल मनोऱ्याचा माथा प्रेक्षकांस बंद ठेवावा लागला होता. उघड्यावरचा एक बेत आणि छपराखालचा एक बेत नेहमी हाताशी असावा. रोज सकाळी हवामानखात्याचा इशारा पाहावा. फ्रान्समध्ये हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. ब्रिटनमध्ये पिवळ्यापासून आरंभ होतो. नारिंगी वा लाल रंग दिसला की दुपारचे फिरणे रद्द करावे. पैसे वाया जातील, जाऊ द्यावेत.

घरात असताना दिवसा खिडक्यांची दारे आणि पडदे मिटून घ्यावेत. बाहेरची हवा थंड झाल्यावर रात्री ते उघडावेत. हवा अंगापेक्षा अधिक तापली असता नुसता पंखा गरम वाराच देतो. मानेवर, हातांवर ओला पंचा फिरवावा. रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या व मधुमेहाच्या औषधांविषयी, तसेच पाणी किती प्यावे याविषयी, निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांस विचारावे. औषधे हातातील पिशवीत, चिठ्ठीसह ठेवावीत. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. ११२ हा क्रमांक फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्येही चालतो. मदत येईपर्यंत रुग्णास सावलीत नेऊन त्याचे अंग ओले करीत राहावे.

शेवटी परदेशी असलेल्या आपल्या मुलांना एक विनंती. आईवडील ‘आम्हांला काही होत नाही’ असेच सांगणार; तुमच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून ते उकाडाही सांगणार नाहीत आणि थंडीही सांगणार नाहीत. तेव्हा कामावर जाताना खिडकीचा पडदा तुम्हीच ओढा, पाण्याचा तांब्या भरून ठेवा आणि दुपारी एकदा फोन करा. आकाश कोणाच्या स्वाधीन नाही, पण एकमेकांची विचारपूस तर आपल्या स्वाधीन आहे. जे ज्येष्ठ यंदा जाणार आहेत, त्यांचा प्रवास सुखरूप होवो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.