धांवत्या गाडींतून घेतलेलें छायाचित्र



छायाचित्रणाचें कोणतेंहि प्राथमिक पुस्तक उघडलें तर आरंभींच्या पानांवर कांहीं आज्ञा ठळकपणें आढळतात. कॅमेरा स्थिर धरावा. क्षितिज सरळ असावें. सूर्य पाठीशीं घ्यावा. काचेंतून चित्र घेऊं नये. चौकटींत नको ती वस्तु शिरूं देऊं नये. धांवत्या गाडीच्या खिडकींतून जो मनुष्य छायाचित्र घेतो, त्याच्या हातून या सर्व आज्ञांचा भंग एका निमिषांत घडतो. त्याच्या पायांखालची भूमि हालत असते, समोर बहुधा मळकी काच असते, सूर्य कोणत्या बाजूस असावा हें रुळांनीं ठरविलेलें असतें, आणि नेमक्या वेळीं विजेचा खांब आडवा येतो. असें असूनहि गेल्या शतकांतील कांहीं श्रेष्ठ छायाचित्रें गतीच्या याच अडचणींतून जन्मास आलीं. तेव्हां नियम कोणता, तो कां केला, आणि कोणी केव्हां मोडावा, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम गणित पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची आगगाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर काटते. शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप, एका सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यांत गाडी सुमारें २८ सेंटिमीटर पुढें जाते. हजारावा भाग उघडी राहिली तर दोन सेंटिमीटरांहूनहि कमी. पहिल्या प्रकारांत रुळालगतच्या झुडपाची नुसती रेघ उमटते. परंतु कोसभर दूर असलेल्या डोंगरास त्या सरकण्याचा गंधहि लागत नाहीं. पुण्याहून मुंबईस जातांना खंडाळ्याच्या घाटांत दरीपलीकडचा कडा स्पष्ट उमटतो आणि खिडकीजवळचें गवत पुसून जातें, त्याचें कारण हेंच. ज्यास स्पष्टता हवी त्यानें झडप अल्पकाळ उघडी ठेवावी, कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकूं नये, कारण गाडीची थरथर त्यावाटे हातांत उतरते. आणि भिंग काचेच्या निकट न्यावें, म्हणजे डब्यांतील प्रतिबिंबें टळतात. हे नियम कोणी लहरीनें केलेले नाहींत. ते प्रकाशाच्या आणि गतीच्या स्वभावांतून निघाले आहेत.

आतां नियमभंगाचें एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. फ्रान्समधील झाक-आंरी लार्तिग (१८९४–१९८६) यास बालपणींच कॅमेरा मिळाला होता. पहिल्या महायुद्धापूर्वीं मोटारींच्या एका शर्यतींत त्यानें भरधांव जाणाऱ्या मोटारीचें चित्र घेतलें. येथें चित्रकार उभा आणि वाहन धांवतें होतें. पण उलट केलें तरी तत्त्व तेंच. मोटारीमागोमाग त्यानें कॅमेरा फिरविला, परंतु मोटार त्याहून वेगवान ठरली. परिणामीं चित्रांत मोटारीचें अर्धें अंग चौकटीबाहेर राहिलें, वर्तुळाकार चाक लंबगोल होऊन पुढें झुकलें, आणि कडेचे प्रेक्षक व खांब मागें कलले. त्या कॅमेऱ्याच्या झडपेंत एक अरुंद फट काचेवरून सरकत असे. म्हणजे संपूर्ण दृश्य एकाच क्षणीं टिपलें जात नसे. जमिनीकडील भाग अगोदर आणि वरचा भाग नंतर उमटे. मधल्या काळांत मोटार पुढें सरकलेली असे. आजच्या मोबाइल फोनचा कॅमेराहि बहुधा दृश्य ओळीओळीनें वाचतो, म्हणून आगगाडींतून टिपलेले खांब वांकडे दिसतात. नियमाप्रमाणें हा दोष होय. परंतु वेग म्हणजे काय हें लार्तिगचें चित्र ज्या प्रत्ययानें सांगतें तो निर्दोष चित्रांत क्वचितच आढळतो. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां तो ६९ वर्षांचा झाला होता.

दुसरें उदाहरण रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) याचें. हा मूळचा स्वित्झर्लंडचा. १९५५ सालीं गुगेनहाइम शिष्यवृत्ति मिळाल्यावर त्यानें जुन्या मोटारींतून अमेरिकेचा प्रवास केला. हजारों चित्रांतून निवडलेलीं अवघीं ८३ चित्रें १९५८ सालीं पॅरिसमध्यें आणि १९५९ सालीं अमेरिकेंत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. क्षितिजें तिरपीं, कणांनीं भरलेलें, अस्पष्ट, असा त्यांवर टीकाकारांचा आक्षेप होता. कालांतरानें त्याच पुस्तकाची गणना शतकांतील थोर छायाचित्रग्रंथांत झाली. १९५८ सालीं त्यानें न्यूयॉर्क शहरांतील बसमध्यें बसून खिडकींतून रस्त्यावरचीं माणसें टिपलीं. थांबून, जागा निवडून, पुन्हा एकदां प्रयत्न करण्याचा अधिकार त्यानें आपण होऊन सोडला. बस नेईल तेथें जावें आणि जें समोर येईल तें घ्यावें, एवढाच मार्ग उरला. वाटेनें जाणारा मनुष्य शहरांत किती एकटा असतो, हें त्या घाईच्या दृष्टींतूनच प्रकट झालें.

भारतांत रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनीं आणखी एक आज्ञा मोडली. प्रवासांत गाडीचा भाग चित्रांत येऊं देऊं नये असा संकेत आहे. त्यांनीं अम्बॅसडर मोटारीचें दार, आरसा आणि पुढची काच यांचीच चौकट केली. एकाच चित्रांत मागचा रस्ता आरशांत व पुढचा काचेंत दिसूं लागला. या चित्रांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर २००२ सालीं प्रसिद्ध झाला.

संस्कृत व्याकरणांत ऋषींच्या नियमबाह्य प्रयोगास ‘आर्ष’ म्हणून मान दिला जातो. तोच प्रयोग विद्यार्थ्यानें केला तर गुरुजी तांबडी रेघ ओढतात. यांत पक्षपात नाहीं. ऋषीस नियम ठाऊक असतो, आणि तो सोडल्यानें अर्थाची वृद्धि होते. विद्यार्थ्यास तो ठाऊकच नसतो. छायाचित्राचेंहि तसेंच. पुसटपणानें वेग व्यक्त झाला तर तो गुण. केवळ हात हालला म्हणून आला तर तो दोषच. नवशिक्यानें आधीं स्थिर चित्र साधावें, मग अस्थिरतेची वाट धरावी.

मात्र नियमांचे दोन वर्ग आहेत, आणि त्यांची गल्लत प्राणावर बेतूं शकते. एक वर्ग चित्राच्या सौंदर्याचा. तो मोडल्यास फार तर एक चित्र वायां जातें. दुसरा वर्ग माणसांच्या जीविताचा व मानाचा. डब्याच्या दारांतून बाहेर झुकून चित्र घेणाऱ्या तरुणास वाटतें कीं आपण साहस करीत आहों. परंतु पुढून येणारा खांब कलावंत आणि अनाडी यांत भेद करीत नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्यानें, रेल्वे-सेवकानें हटकल्यावरहि पायरीवर उभें राहून प्रवास करणें हा अपराध ठरविला आहे. वाहन चालवितांना हातांतील फोन वापरणें हेंहि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणें धोकादायक चालविण्यांत मोडतें. या नियमांस ‘आर्ष’ नाहीं.

मानाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. वाटेंतील मनुष्यास विचारावें, त्याच्याशीं दोन शब्द बोलावे, ही सोय धांवत्या गाडींत नसते. चित्र घेणारा पुढें निघून जातो आणि चित्रांतील माणसास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. रुळांकाठच्या झोपडीच्या दारांत स्नान करणारें मूल किंवा वेणी घालीत बसलेली स्त्री आपल्या घरांत असते, प्रदर्शनांत नव्हे. ज्याची संमति घेणें अशक्य, त्याच्याविषयीं संयम अधिक हवा. झडप उघडण्यापूर्वीं एवढा विचार करण्यास वेळ पुरत नाहीं हें खरें. परंतु तें चित्र चारचौघांस दाखवावें कीं नाहीं, हें ठरविण्यास घरीं परतल्यावर पुष्कळ अवकाश असतो.