मुलांचे ग्रंथालय आणि देणगीदार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, बडोदे येथे, प्राथमिक शाळेतील एका शिक्षकाने केलेले भाषण)



शाळेच्या ग्रंथालयाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आज्ञेबरोबर 'फार लांबवू नका' असाही इशारा मिळालेला आहे. शिक्षकाला घंटा झाल्यावाचून थांबण्याची सवय नसते. तेव्हा पुढच्या रांगेतील कोणी तरी कृपा करून घड्याळाकडे लक्ष ठेवावे.

आपल्या प्राथमिक शाळेत ग्रंथालय आहे, असे आम्ही वार्षिक अहवालात पुष्कळ वर्षे लिहीत आलो. ते खोटे नव्हते. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे एक कपाट होते, त्यास कुलूप होते, आणि किल्ली शिपायाच्या कमरेला असे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असले पाहिजे असे ठरविले, तेव्हा तपासणीस आलेल्यांना आम्ही हेच कपाट दाखविले. कपाटात काय होते? जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे, ज्ञानेश्वरीच्या तीन प्रती, घरगुती औषधोपचारावरची दोन पुस्तके, आणि कित्येक वर्षांपूर्वीचे एक आयकर मार्गदर्शक. सारी पुस्तके देणगीदाखल आलेली. घर बदलताना किंवा घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर ग्रंथ रद्दीत घालावयास हात धजत नाही, म्हणून ते शाळेकडे येतात. भावना चांगलीच आहे. पण पहिलीतल्या मुलाने आयकर मार्गदर्शकाचे काय करावे, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

आपण ज्या शहरात राहतो त्या शहराला तरी हे शोभत नव्हते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लगेच त्यांना दिसून आले की, शाळा सोडलेल्या माणसाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे आणले. बॉर्डनसाहेब तीन वर्षांनी परत गेले, परंतु काम थांबले नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी ते खेडोपाडी नेले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव धाडली जात. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते. १९१२ पासून येथून निघणारे 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे.

या साऱ्यात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची रीत. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम सरकारने द्यावी आणि तेवढीच प्रांत पंचायतीने, अशी ती व्यवस्था होती. एका रुपयाचे तीन होत. परंतु पहिला रुपया गावाचाच असावा लागे. म्हणजे देणगीदार हा बडोद्याच्या ग्रंथालयाचा पाहुणा कधीच नव्हता. तो घरचाच माणूस होता. घरच्या माणसाशी मोकळेपणाने बोलता येते, आणि आज आम्ही तेच करणार आहोत.

२०२२ साली न्यासाने ग्रंथालयासाठी प्रथमच रोख रक्कम दिली, आणि आम्ही नवी पुस्तके आणावयास निघालो. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आणली. फास्टर फेणे आणला, गोट्या आणला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तके आणली. या मालेचा एक मोठा गुण असा की, एकच पुस्तक अनेक भाषांत मिळते. आपल्या वर्गात गायकवाडांबरोबर आलेल्या घराण्यांतली मुले आहेत, खानदेशातून कामासाठी आलेल्यांची आहेत, आईशी गुजरातीत आणि शेजाऱ्याशी मराठीत बोलणारी आहेत, आणि आमच्यासारख्या घरांतलीही आहेत, जिथे आजी उर्दू वाचते, बाप गुजरातीत हिशेब लिहितो आणि नातू मराठी शाळेत जातो. म्हणून काही पुस्तके आम्ही मराठी, गुजराती, हिंदी आणि उर्दू अशा चारही भाषांत घेतली आणि शेजारी शेजारी मांडली.

त्या दिवशीची मौज सांगण्याजोगी आहे. दुसरीतल्या एका मुलीने गुजराती प्रत उघडली आणि विचारले, "सर, या अक्षरांची दोरी कुठं गेली?" शिरोरेषा तिला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी वाटत होती. उर्दू प्रत हाती पडताच एका मुलाने ती छापखान्याने उलटी बांधली आहे अशी तक्रार केली. ती उजवीकडून उघडते हे कळल्यावर पुढचा आठवडाभर सारा वर्ग आपापल्या वह्या मागून लिहू लागला. ती प्रत वाचून दाखवावयास एका विद्यार्थ्याची आजी शाळेत आली. तिने पान वाचावे आणि मुलांनी मराठी प्रतीतली तीच ओळ शोधून मोठ्याने म्हणावी, असा तास झाला. तसा तास आम्हांस पदवीबरोबर मिळालेल्या प्रशिक्षणात कोणी शिकविला नव्हता.

इथपर्यंतची कथा सांगावयास सोपी आहे. पुढची नाही.

एका देणगीदारांनी दरवर्षी पुस्तके मोजून पाहण्याची इच्छा दर्शविली होती. त्यात त्यांचे काही चुकले नाही; दिलेल्या वस्तूची चौकशी कोणीही करतो. परंतु मोजणीत एकही पुस्तक कमी भरू नये, या धास्तीने आम्ही नियम केला: पुस्तक हरवल्यास किंवा खराब झाल्यास दुप्पट किंमत घेतली जाईल. दंड लावा असे आम्हांस कोणीही सांगितले नव्हते. तो आमच्याच डोक्यातून निघाला, आणि आमच्याच अक्षरांत फळ्याशेजारी लागला.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिसरीतला एक मुलगा आला नाही. नदीकाठच्या वस्तीतले घर, गाळ उपसण्यास मदत करीत असेल, असे आम्ही समजलो. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्याची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिने पिशवीतून एक पुस्तक काढले. भिजून, उन्हात वाळून, फुगून दुप्पट जाड झालेले. पोराने ते वाचवावे म्हणून पत्र्याच्या छपराखाली वाशात खोचून ठेवले होते. खालून पाणी तिथवर चढले नाही, पण वरून गळले. घरातले धान्य गेले, अंथरुणे गेली. आणि पोरगा नऊ दिवस शाळेचे नाव काढीत नव्हता, तो या पुस्तकापायी.

तिच्या मुठीत दहा-दहाच्या नोटा होत्या. पुस्तकाची किंमत ६० रुपये, दुप्पट म्हणजे १२०. ती म्हणाली, "सर, सत्तर आत्ता घ्या. उरलेले पगार झाला की देते. पण त्याला वर्गात बसू द्या."

पैसे आम्ही घेतले नाहीत, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. ती बाई ते घेऊन आली, हीच आमची कमाई होती. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तके उपयोगासाठी आहेत असा आहे. तो समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला दिला आहे. तेथे ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत. आम्ही साखळी पुस्तकाला बांधली नव्हती, एवढेच. कुलूप काढले म्हणून आमची पाठ थोपटली जात होती, आणि आम्ही ते कुलूप मुलाच्या पायात घातले होते.

तो नियम त्याच दिवशी उतरविला. पण नुसता नियम उतरवून फाटलेले पुस्तक बरे होत नाही. येथे आमच्या वडिलांची विद्या कामास आली. ते बाइंडर होते. शहराच्या जुन्या भागात त्यांचे छोटेसे दुकान होते. आमचे लहानपण पुठ्ठ्याच्या आणि खळीच्या वासात गेले. अब्बांच्या दुकानात दोन तऱ्हेची पुस्तके येत: नवी कोरी, केवळ शोभेसाठी बांधून हवी असलेली, आणि वाचून वाचून सुटलेली. दुसऱ्या तऱ्हेच्या पुस्तकांना ते पैसे कमी लावीत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

तो मुलगा परत आला तेव्हा ते पुस्तक आम्ही त्याच्याकडूनच बांधून घेतले. पाने सोडविली, एकेक जुज वेगळा केला, वजनाखाली दाबला, सुई-दोऱ्याने शिवला, पाठीला निळे कापड लावले. खळ गव्हाच्या पिठाची. अब्बा तीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालीत, परंतु ते विष आहे. मुलांच्या हाती द्यावयाचे नाही, म्हणून आम्ही लागेल तेवढीच खळ ताजी शिजवितो. पुस्तक काही देखणे झाले नाही. तरी ग्रंथालयातून सर्वांत जास्त वेळा घरी गेलेले पुस्तक आज तेच आहे. 'पुरातले पुस्तक' म्हणून मुले ते मागून नेतात. त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास दुरुस्तीचा ठेवला आहे. ज्याच्या हातून फाटले त्यानेच शिवावे, एवढाच आता नियम.

दुसरीत एक मुलगी आली, जिला जवळजवळ दिसत नाही. ग्रंथालय सर्वांचे, असे आम्ही म्हणत होतो. तिच्यासाठी त्यात एकही पान नव्हते. ब्रेल पुस्तके मिळविली, तेव्हा ती आपल्या कपाटात मावेनात. त्यांचा कागद जाड, आकार मोठा, आणि एकावर एक रचली की ठिपके दबून जातात. उभी ठेवावी लागतात, तीही सैल. म्हणून सुताराकडून एक रुंद फळी भिंतीवर ठोकून घेतली. आपल्याकडच्या भाषांसाठी १९५१ पासून 'भारती ब्रेल' ही एकच पद्धत आहे. मराठी 'क' आणि गुजराती 'क' यांचे ठिपके तेच. आमची डोळस मुले दोरीची आणि बिनदोरीची अशी दोन अक्षरे शिकतात, आणि हिच्या बोटांना एकातच दोन्ही भाषांचे दार उघडते. हे कळल्यावर वर्गात तिचा भाव चांगलाच वधारला. मग मुलांनीच तिच्यासाठी एक पुस्तक केले. काचकागदाचा रस्ता, कापसाचा ढग, गोणपाटाचे शेत, जुन्या बटणांची माळ. गोष्ट तिने सांगितली, चिकटविले इतरांनी.

त्या पुस्तकापासून मुलांना पुस्तके करण्याचे वेडच लागले. पाठकोऱ्या कागदांवर लिहावयाचे, चित्रे काढावयाची, शनिवारी शिवावयाचे. आमच्या पिढीत शाळेचे हस्तलिखित मासिक निघे, परंतु त्यात सुंदर अक्षराच्या मुलांचेच लेख जात. इथे तशी अट नाही. ही पुस्तके दाखल नोंदवहीत चढवावीत की नाहीत, यावर शिक्षकांच्या बैठकीत बराच वाद झाला. अखेर चढविली. दाखल क्रमांक, नाव, लेखक, आणि शेवटचा रकाना 'कोणाकडून प्राप्त'. त्या रकान्यात न्यासाच्या नावाखाली आता तिसरीतल्या मुलांची नावे आहेत. विश्वस्तांनी नोंदवही तपासली तेव्हा त्यांना याचा राग आला नाही, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता मागणे. आपल्या नावाची पाटी कपाटावर लावा, भिंतीवर लावा. आम्ही स्वतः खिळा ठोकू. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चिठ्ठी चिकटवू नका. एका पुस्तकावर देणगीदारांचे नाव नेमके हत्तीच्या तोंडावर बसले आहे, आणि तो हत्ती कोण, असे मुले आम्हांस विचारतात. घरची पुस्तके देण्यापूर्वी त्यातले एखादे घरातल्या सात वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा. ते उठून गेले नाही तर खुशाल पाठवा. आणि शंभर रुपये देणार असाल तर त्यातले वीस कापड, दोरा, पुठ्ठा आणि फाटून संपलेल्या पुस्तकांच्या जागी नवी आणण्यासाठी म्हणून द्या. वर्षअखेरीस मोजणी अवश्य करा. मात्र कपाटात किती उरली हे मोजताना, वाचून किती संपली, हाही आकडा विचारा. तो आम्ही आता वेगळ्या पानावर लिहून ठेवतो.

येत्या शनिवारी दुरुस्तीचा तास नेहमीप्रमाणे होईल. सतरा पुस्तके शिवावयाची आहेत आणि सुया चारच आहेत. आपल्यापैकी ज्यांना शिवण येते त्यांनी सुई घेऊन यावे. खळ आम्ही शिजवून ठेवू.