अनुदानाची वास्तू आणि संस्थेचा संसार



ज्या शाळेच्या बाकावर बसून पाढे पाठ केले, तिच्याच व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची वेळ आली म्हणजे मन थोडे बिचकते. समोर आपले शिक्षक बसले आहेत आणि गृहपाठ अपुरा आहे, असे वाटत राहते. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे मुख्याध्यापक गणित शिकवीत. त्यांच्या गणितांना नेहमी दुसरा भाग असे. विहीर खणायला अमुक मजूर, अमुक दिवस, तर खर्च किती? आम्ही उत्तर काढून पाटी पालथी घालणार, तोच ते म्हणत, "आणि दोर? दोर किती वर्षांनी बदलाल? त्याचे पैसे कोण देणार?" आम्ही हसत असू. त्या दोराचे गणित मला पुढे तीस वर्षे सोडवावे लागले, आणि ते मी चुकवले. आजचा विषय त्या चुकीतूनच आला आहे.

शहरातील कलासंस्था, वाचनालये, व्यायामशाळा, महिला मंडळे यांच्या वास्तूंसाठी सार्वजनिक पैसा द्यावा की नाही, हा वाद मला आज करायचा नाही. द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर वास्तूचे मोल अधिकच. घरात मराठी बोलणारी पिढी हळूहळू कमी होते, वाडे विकले जातात, वर्गणीदार मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी जातात. अशा वेळी संस्थेला स्वतःची जागा असणे म्हणजे तिला गावात पत्ता असणे. शिवाय आपण नगरपालिकेला कर भरतो. रस्ता आणि दिवे हा जसा आपला हक्क, तसा तालमीसाठी एक खोली हाही आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. पैसा कोणत्या अटीवर द्यावा आणि घ्यावा?

वडोदऱ्यात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, आणि ते आपल्याला शाळेत असताना नीट सांगितले गेले नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभारले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या खात्यात पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी मोठे काम केले. त्यांच्याही आधी, १९०६पासून, मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळांच्या वाचनालयांची चळवळ सुरू केली होती. परंतु मला, हिशेबाच्या माणसाला, आकर्षण वाटते ते त्या योजनेच्या पैशाच्या रचनेचे. सरकारने गावाला ग्रंथालय बांधून दिले नाही. गावाने आधी वर्गणी जमवावी. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालेल आणि तेवढीच ग्रंथालय खाते घालील, असा नियम होता. खेड्यासाठी शंभर रुपयांपर्यंत, कसब्यासाठी तीनशे आणि प्रांताच्या मुख्य गावासाठी सातशे रुपयांपर्यंत. हा चालू खर्चाचा भाग. इमारत बांधायची असेल तरी तीच तीन वाट्यांची रीत: एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा.

या रचनेतला बारकावा पाहा. इमारतीचा तिसरा हिस्सा देणारे सरकार पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा तिसरा हिस्साही दरवर्षी देत होते. भिंत उभी राहिली आणि सरकारचा हात सुटला, असे झाले नाही. लोकांचाही हात सुटू दिला नाही, कारण गावाने वर्गणी थांबवली की बाकीचे दोन वाटेही थांबत. महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस राज्यात हजाराहून अधिक ग्रंथालये होती. १९१२च्या सुमारास देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढले, तेही मुद्दल राखून व्याजातून खर्च करावा अशा बोलीने. सयाजी साहित्यमालेची मराठी व गुजराती पुस्तके त्या व्याजावर निघाली. राजा उदार होता हे खरेच; पण तो व्याज आणि मुद्दल यांतला फरक जाणणारा राजा होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या पद्धतीला दोष नव्हता असे मी म्हणणार नाही. जे गाव शंभर रुपये जमवू शकत नाही त्याला काहीच नाही, हा तिचा अर्थ होतो. ज्यांच्याकडे आधीच थोडे आहे त्यांनाच बरोबरीच्या वाट्याचे अनुदान लाभते. महाराजांनी फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवून ही उणीव काही अंशी भरून काढली. आजच्या शहरांतही हा दोष आहेच. श्रीमंत वसाहतीतील क्लबला आपला वाटा एका संध्याकाळी जमवता येतो. गिरणीच्या चाळीतल्या भजनी मंडळाला तो दहा वर्षांत जमत नाही.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी जवळपास सतराशे ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. ते खाजगी दान. पण त्यामागची अट सार्वजनिक पैशाची होती. जागा नगराने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करण्याचे बंधन घ्यायचे. काही नगरांनी या अटीपायी देणगी नाकारली. कार्नेगींना ते वाईट वाटले असेल किंवा नसेल, मला ती नगरे शहाणी वाटतात. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काय झाले? १९६१ साली रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंद्राच्या मदतीने राज्याराज्यांत नाट्यगृहे उभी राहिली. हैदराबादचे रवींद्र भारती त्याच वर्षीचे. अहमदाबादचे टागोर सभागृह बाळकृष्ण दोशी यांच्या आराखड्याचे. पुण्यात महापालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर बांधले. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी इतक्या सहजपणे बसवली की तिथे नाटकाचे तिकीट न काढताही माणूस तासभर रमतो. हा सगळा खर्च योग्य होता. त्या वास्तूंनी दोन पिढ्यांना घडवले.

परंतु त्या साऱ्या वास्तू शासनाच्या किंवा महापालिकांच्या आहेत. नोंदणीकृत सार्वजनिक संस्थांना, म्हणजे आपल्यासारख्यांना, जे पैसे मिळतात त्यांची जात वेगळी. केंद्राच्या संस्कृती खात्याची इमारत अनुदाने आहेत, सांस्कृतिक संकुलांची योजना आहे, १९९३च्या डिसेंबरात सुरू झालेला खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. या सर्वांच्या नियमांत एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत सापडते: आवर्ती खर्च अनुज्ञेय नाही, तो संस्थेने सोसावा. इमारत घ्या, दिवे, पाणी, झाडू, रखवालदार तुमचे. शिवाय सरकारी पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारच्या संमतीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे ३६वे कलम धर्मादाय आयुक्तांची परवानगी मागते ती वेगळीच. दोन्ही बंधने रास्त आहेत; लोकांचा पैसा कोणी खाऊ नये. पण परिणाम असा की संस्थेच्या हाती एक मोठी मालमत्ता येते आणि अडचणीच्या वेळी तिच्यातून एक रुपया निघत नाही.

असे का होते, याचे शासकीय कारण हिशेबाच्या मथळ्यात आहे. भांडवली खर्च एकदाच दिसतो आणि संपतो. आवर्ती खर्च मान्य केला की तो दरवर्षीचा देणेकरी होतो. अशासकीय कारण कोनशिलेत आहे. सभागृहाच्या उद्घाटनाची कोनशिला बसते. गच्चीची गळती थांबली याची कोनशिला मी अजून कुठे पाहिली नाही.

ही केवळ आपलीच खोड नाही. ब्रिटनमध्ये १९९४च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय सोडत सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नातून कलासंस्थांना पैसा मिळू लागला. प्रारंभी तो मुख्यतः बांधकामापुरताच. कला परिषदेकडे अकस्मात इतका पैसा आला की मोठमोठे आराखडे पुढे आले. शेफील्ड या पोलादाच्या शहरात लोकप्रिय संगीताचे राष्ट्रीय केंद्र बांधले गेले. चकचकीत पोलादाच्या चार अजस्र ढोलांसारखी ती इमारत. खर्च सुमारे दीड कोटी पौंड, त्यातले एक कोटी दहा लाख सोडतीचे. वर्षाला चार लाख लोक येतील असा अंदाज होता. १९९९च्या मार्चमध्ये ते उघडले आणि २०००च्या जूनमध्ये बंद पडले. लोक आलेच नाहीत, निदान अंदाजाइतके आले नाहीत, आणि तूट भरून काढायला निधी नव्हता. आज तिथे एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचे कार्यालय आहे. त्या देशाने काही वर्षांतच बांधकामापुरती असलेली अट सैल केली आणि संस्थांची आर्थिक घडी बसवण्यासाठीही पैसे देऊ केले. चूक महाग पडली, पण ती मान्य झाली.

आता माझी स्वतःची चूक. मी या शहरातील एका संस्थेचा कोषाध्यक्ष होतो. नाव सांगत नाही. जाणकारांना सांगण्याची गरज नाही. संस्था एका जुन्या वाड्याच्या ओसरीत चालत असे. पुस्तकांची चार कपाटे, एक पेटी, तबला, आणि संध्याकाळी नाटकाची तालीम. ओसरीचे भाडे नाममात्र होते. पुढे अनुदान मंजूर झाले. अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडायचे होते: वास्तूचा आवर्ती खर्च संस्था स्वतःच्या उत्पन्नातून करील. ते मी टंकलिखित करून घेतले आणि सही केली. उत्पन्न कोणते, हे कोणी विचारले नाही. अधिकाऱ्याने विचारले नाही, कार्यकारिणीने विचारले नाही, आणि ज्याला विचारायला शिकवले होते त्या माझ्यासारख्यानेही विचारले नाही. सगळ्यांना घाई होती; आर्थिक वर्ष संपत होते.

इमारत चांगली झाली. उद्घाटनाच्या दिवशी वृद्ध सभासदांच्या डोळ्यांत पाणी होते, माझ्याही होते. पहिले वीजबिल आले तेव्हा कळले की सभागृहाच्या भाराचा स्थिर आकार दिवा लावा न लावा भरावाच लागतो. मग मालमत्ता कर, मग अग्निशमनाचा दाखला, जनित्राची दुरुस्ती. तिसऱ्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर दुरुस्ती योजनेत बसत नाही असे उत्तर आले. नवा मजला बांधायचा असता तर बसले असते! शेवटी सभागृह लग्नांना द्यायला सुरुवात केली. ज्या मुलांची तालीम ओसरीवर फुकट होत असे त्यांना आम्ही तासाचे भाडे सांगू लागलो. ती मुले काही दिवस जिन्याच्या वळणावर उभी राहून संवाद म्हणत. नंतर येईनाशी झाली. कपाटे मुदपाकखान्याशेजारच्या खोलीत हलवली आणि पुस्तकांना तेलाचा वास लागला. लेखापरीक्षणात मात्र त्या वर्षापासून संस्था नफ्यात दिसू लागली. त्या ताळेबंदावरही सही माझीच आहे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळाले. बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. पुनर्बांधणीसाठी कोट्यवधी रुपये लगेच जाहीर झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण मनात एक कडवट विचार येऊन गेला की आपल्याकडे वास्तूसाठी पैसा दोनच वेळा सहज मिळतो, जन्माच्या वेळी आणि अंत झाल्यावर. मधली शंभर वर्षे तिने कशी काढायची, याला लेखाशीर्ष नाही.

हे सगळे आज या शाळेत सांगण्याचे कारण आपल्याला माहीत आहे. माजी विद्यार्थी संघाने मुख्याध्यापकांच्या नावे सभागृह बांधायचे ठरवले आहे. नकाशा तयार आहे, लोकप्रतिनिधींशी बोलणे झाले आहे, आणि अनुदान मिळण्याची शक्यता चांगली आहे असे ऐकतो. मला आनंद आहे. या सभागृहाला मी विरोध करावा अशी अपेक्षा ठेवून कोणी आले असेल तर त्यांची निराशा होईल. फक्त कार्यकारिणीपुढे माझी एक मागणी आहे. अर्ज करण्यापूर्वी निगराणीचा वेगळा निधी उघडावा, त्याचे मुद्दल मोडता येणार नाही असा ठराव आमसभेत व्हावा, आणि अनुदानाच्या अर्जात आपण होऊन दहा वर्षांच्या आवर्ती खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे, कोणी मागितले नाही तरी. कार्नेगींचा दहा टक्क्यांचा हिशेब आपल्याला कदाचित जास्त होईल. पण समजा निम्माच धरला, तर एक कोटीच्या वास्तूला वर्षाला पाच लाख लागतात. ते पाच लाख कुठून येणार हे कागदावर दिसत नसेल, तर नकाशातला वातानुकूलित भाग काढावा, बाल्कनी काढावी, खुर्च्यांऐवजी सतरंज्या घालाव्यात. आम्ही सतरंजीवरच बसून शिकलो. आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तालमीसाठी व वाचनासाठी विनाभाडे राखून ठेवाव्यात, लग्नसराईतसुद्धा. हे नियमावलीत आधी लिहावे, कारण वीजबिल आल्यावर ते कोणी लिहू देत नाही.

या व्याख्यानाचे मानधन आणि त्यात माझी भर असा धनादेश मी कार्यवाहांकडे दिला आहे. पावती बांधकाम निधीची देऊ नये, अशी त्यांना विनंती आहे. निगराणी निधीचे पावतीपुस्तक अजून छापलेले नाही, असे ते म्हणाले. मी थांबायला तयार आहे.