बिनव्याजी कार्डाची मुदत आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. त्यांपैकी काही जण उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात त्यांचे कौतुक केले. त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु अशा प्रसंगी आमच्या स्वतःच्या घरी घडलेली एक गोष्ट आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही केवळ मॅट्रिक. अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. तीसहून अधिक वर्षे शाळेत व्याजाची गणिते शिकविली आणि तेच गणित आमच्या घरात चुकले, एवढाच या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता धाकट्या मुलाकडे रेडिंग या गावी गेलो होतो. मुलगा नोकरीस लागलेला. दरमहा १२० पौंड, म्हणजे सुमारे १२ हजार रुपये, तो आम्हांस न चुकता पाठवीत असे, आणि त्यातून आमच्या घरावर माडी चढत होती. एके दिवशी त्याच्या टेबलावर बँकेचे पत्रक आमच्या दृष्टीस पडले. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसताना बँक ठरावीक मर्यादेपर्यंत उचलू देते ती रक्कम, १,५०० पौंड. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी ३,००० पौंड. शिक्षण संपून पहिला पगार हाती येईपर्यंतच्या घरभाड्यात आणि अनामत रकमेत हे देणे झाले होते. आम्ही विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “अण्णा, तुम्हांला काय वाटेल, म्हणून बोललो नाही.”

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. इंग्लंडात एप्रिल २०२० पासून फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेने ओव्हरड्राफ्टवरील ठोक आकार बंद करून एकच वार्षिक व्याजदर लावण्याचा नियम केला. त्यानंतर बहुतेक मोठ्या बँकांनी तो दर ४० टक्क्यांच्या घरात नेला. मुलाच्या ओव्हरड्राफ्टवर महिन्याला ४० पौंडांहून अधिक व्याज पडत होते. कार्डाचा दर २४.९ टक्के, त्यावर तो किमान रक्कम म्हणून सुमारे ८५ पौंड भरी, त्यांतील ५५ च्या आसपास व्याजात जात, आणि मुद्दल जेमतेम ३० पौंडांनी हले. इकडे गावात लोक आमच्या माडीची प्रशंसा करीत होते. तिकडे तिच्या प्रत्येक फरशीवर ४० टक्के व्याज चढत होते.

यावर तेथे एक उपाय आहे. दुसऱ्या बँकेचे नवे कार्ड घेऊन जुनी थकबाकी त्यावर वर्ग करता येते आणि ठरावीक महिने त्या रकमेवर व्याज लागत नाही. यास बॅलन्स ट्रान्स्फर म्हणतात. साध्या बॅलन्स ट्रान्स्फरने कार्डाचे देणे फिटते, ओव्हरड्राफ्ट फिटत नाही. त्यासाठी मनी ट्रान्स्फर नावाचे वेगळे कार्ड असते, ज्यातून रक्कम थेट खात्यात जमा होते. दोहोंवर आरंभी एकदाच शुल्क पडते. मुलास कार्डाच्या रकमेवर ३ टक्के, म्हणजे ९० पौंड, आणि ओव्हरड्राफ्टच्या रकमेवर ४ टक्के, म्हणजे ६० पौंड पडले. पहिल्याची बिनव्याजी मुदत २६ महिने, दुसऱ्याची १२. एकूण देणे ४,६५० पौंड झाले. परंतु महिन्याचे जवळजवळ शंभर पौंड व्याज थांबले.

आम्हांस पाठवावयाचे १२० आणि कार्डात भरावयाचे ८५, यांतून दरमहा २०० पौंडांचा हप्ता बांधला. ज्याची मुदत आखूड त्याला पहिले वर्षभर १३०, दुसऱ्याला ७०. दुसऱ्या वर्षी सर्व दोनशे दुसऱ्याला. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला हप्ता गेला, ऑगस्ट २०२५ मध्ये ५० पौंडांचा शेवटचा. आमची माडी या काळात गिलाव्यावाचून उभी राहिली. तिची आम्हांस लाज वाटली नाही.

बंधुभगिनींनो, हे औषध आहे, आणि औषधास पथ्य असते. अर्ज करण्यापूर्वी आपण पात्र आहोत की नाही हे पाहण्याची सोय तेथे असते, आणि त्या चौकशीने आपल्या पतीच्या नोंदीस बाधा येत नाही. मुलाने घाईने आधीच एक अर्ज केला आणि तो नाकारला गेला. ती चूक टाळावी. एकाच बँकेच्या दोन कार्डांत सहसा रक्कम वर्ग करता येत नाही. मंजूर होणारी मर्यादा आपल्या देण्याहून कमी असू शकते. नव्या कार्डावर खरेदी करू नये, रोकड तर मुळीच काढू नये. एक हप्ता चुकला तरी सवलत जाऊ शकते. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तो खात्यातून आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. आणि रिकामे झालेले भांडे पुन्हा भरू नये. मुलाने बँकेस सांगून ओव्हरड्राफ्टची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरविली. जुने कार्ड त्याच्या मातोश्रींनी स्वयंपाकघरातील कात्रीने कापले.

आपल्या पूर्वजांना दामदुपटीचा नियम ठाऊक होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. इंग्लंडात अल्पमुदतीच्या पगारी कर्जांना २०१५ पासून असाच बांध घातला आहे; व्याज आणि शुल्क मिळून मुद्दलाहून अधिक होऊ शकत नाही. क्रेडिट कार्डास तो बांध नाही. आपल्याकडेही कार्डाची थकबाकी ठेवल्यास महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज सर्रास पडते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. तेव्हा ही गोष्ट परदेशातील मुलांपुरतीच आहे असे कोणी समजू नये.

ज्यांना असे कार्ड मिळत नाही, त्यांनी निराश होऊ नये. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्था तेथे विनामूल्य सल्ला देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून पात्र ऋणकोस ६० दिवसांची उसंत देणारी योजनाही आहे. त्या काळात बहुतेक देण्यांवरील व्याज आणि तगादा थांबतो. परंतु त्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि आपली मुले नेमकी तेथेच अडतात.

ती का अडतात, याचे उत्तर आम्हांस आमच्याच घरी मिळाले. दर रविवारी फोनवर आम्ही विचारीत होतो, “पैसे पाठविलेस का?” “तुला देणे किती आहे?” असे दोन वर्षांत एकदाही विचारले नाही. बिनव्याजी कार्डाने व्याज थांबते, ऋण फिटत नाही; ऋण हप्त्याने फिटते, आणि तो हप्ता आमच्या एका प्रश्नाने दोन वर्षे आधी सुरू झाला असता. आज ज्यांची मुले सत्कार घेऊन निघाली आहेत, त्या मातापित्यांनी हा प्रश्न आपल्या रविवारच्या बोलण्यात घालावा, आणि उत्तर ऐकून रागावू नये, एवढीच हात जोडून विनंती.